घरपोच गाणे : संगीतसेवा कशी निवडावी?

मोखाडा तालुक्यातल्या एका शिक्षकमित्राने मागच्या वर्षी आपली जुनी हौस पूर्ण केली. एक चांगला अॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी त्याने घरी आणली. फोनवर एका संगीतसेवेची सर्वांत महागडी योजना घेतली आणि पहिल्याच रविवारी आम्हांला ऐकायला बोलावले. किशोरी आमोणकरांचा ख्याल लागला. आवाज मोठा होता, भरदार होता. पण तंबोरा पाण्याखालून वाजत असल्यासारखा येत होता. मधूनमधून गाणे थांबे आणि पुन्हा सुरू होई. मित्र हिरमुसला. "दुसरी सेवा घ्यावी का? कोणती?" असे त्याने विचारले.

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर एका नावात देता येत नाही. गायकाच्या गळ्यापासून आपल्या कानापर्यंत एक लांबलचक साखळी असते आणि साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते. आपल्या घरची कच्ची कडी कोणती, हे आधी शोधायला हवे. त्यासाठी ध्वनीचे आकडे कसे होतात, ते कमी कसे केले जातात आणि ते दरीतल्या घरापर्यंत कसे पोचतात, हे क्रमाने पाहू. यातला बराचसा भाग आठवी-नववीच्या वर्गात करून पाहण्याजोगा आहे.

ध्वनीचे आकडे

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तो मायक्रोफोन टिपतो आणि त्याचा विद्युत्दाब होतो. हा दाब ठरावीक अंतराने मोजून प्रत्येक मोजमाप आकड्यात लिहून ठेवले, की ध्वनी 'अंकीय' झाला. एका सेकंदात किती वेळा मोजायचे आणि प्रत्येक वेळी किती बारकाईने मोजायचे, हेच दोन प्रश्न उरतात.

पहिल्या प्रश्नासाठी एक प्रयोग करा. दोऱ्याला दगड बांधून २५ सेंटिमीटर लांबीचा लंबक करा. त्याचा एक हेलकावा जवळजवळ बरोबर एका सेकंदाचा असतो. विद्यार्थ्यांना डोळे मिटायला सांगा आणि दर सेकंदाला टाळी वाजवून क्षणभरच उघडायला सांगा. दगड प्रत्येक वेळी त्याच जागी दिसेल, म्हणजे जणू तो हललाच नाही! टाळ्या सेकंदापेक्षा किंचित उशिरा पडल्या, तर दगड फार संथपणे सरकतो आहे असा भास होईल. नुसता हेलकावा चुकला एवढेच नव्हे, तर मुळात नसलेला एक खोटा हेलकावा तयार झाला. यावरून नियम लक्षात येतो : एका हेलकाव्यात दोनांपेक्षा जास्त वेळा पाहिले, तरच तो खरा कळतो. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये हा विचार गणिताने पक्का केला.

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपने ऐकू येतात. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. २०,००० च्या दुपटीपेक्षा थोडे जास्त म्हणून १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी म्हणजे सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे ठरवली गेली.

दुसरा प्रश्न बारकाईचा. फुटपट्टीवर फक्त सेंटिमीटरच्या खुणा असतील, तर पेन्सिलीची लांबी ढोबळ येईल. मिलिमीटरच्या असतील, तर अधिक बारीक येईल. सीडीवर प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहितात, म्हणजे पट्टीवर ६५,५३६ खुणा असतात. प्रत्येक बिट वाढला की सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढते. त्यामुळे १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. आपल्या शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्यावर ९६ मिळवले तर १२६ होतात आणि तिथे कान दुखू लागतात. म्हणजे ऐकण्यासाठी १६ बिट पुरेसे आहेत. २४ बिटांचा खरा उपयोग ध्वनिमुद्रण करताना होतो. गायक किती जोरात गाईल हे आधी माहीत नसते, म्हणून वरखाली मोकळी जागा ठेवावी लागते.

आता फळ्यावर गुणाकार मांडा. डाव्या आणि उजव्या अशा दोन कानांसाठी ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट दर सेकंदाला, म्हणजे सुमारे १,४११ किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट धरला, तर तासाभराच्या गाण्याला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात.

हजेरीपटाची गोष्ट

एवढा माल फोनच्या जाळ्यातून नेणे महाग पडते, म्हणून तो आवळतात. आवळण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांतला फरक समजला की जाहिरातींतले निम्मे शब्द उलगडतात.

वर्गात ४० मुले आहेत. हजेरी घेताना चाळीस वेळा 'हजर' लिहिण्याऐवजी गुरुजींनी लिहिले, 'क्रमांक ७ व २३ सोडून सर्व हजर.' मजकूर कितीतरी कमी झाला, पण त्यातून पूर्ण हजेरीपट जसाच्या तसा पुन्हा भरता येतो. ही बिनघट रीत. संगीतसेवा तिला 'लॉसलेस' म्हणतात. २००१ पासून सर्वांना खुली असलेली 'फ्लॅक' ही पद्धत याच जातीची. तिने सीडीचा माल साधारण निम्मा ते दोन तृतीयांश होतो आणि उलगडल्यावर एकही आकडा बदललेला नसतो.

आता गुरुजींनी नुसते 'बहुतेक हजर' लिहिले असे समजा. आणखी कमी शब्द लागले, मुख्याध्यापकांना अंदाजही आला. पण कोण गैरहजर होते ते कायमचे हरवले. ही घटीची रीत. एमपी३ ही तिची सर्वांत प्रसिद्ध पद्धत जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून १९९० च्या सुमारास आकाराला आली.

मात्र ही रीत वाटेल ते फेकत नाही. पिठाची गिरणी चालू असताना शेजारच्याची कुजबूज ऐकू येत नाही. मोठा आवाज त्याच्या जवळपासच्या कंपनांचे लहान आवाज झाकून टाकतो. कानाला असे झाकलेले आवाज ऐकूच येणार नसतील, तर ते बारकाईने लिहायचे कशाला, असा हा हिशेब आहे. सेकंदाला ३२० किलोबिट मिळाले, तर हा हिशेब बहुतेक वेळा इतका नेमका असतो की फरक सांगणे कठीण होते. ९६ किंवा ६४ किलोबिटांवर आणले, तर झाकलेले नसलेले आवाजही कापावे लागतात. मग तंबोऱ्याची झार मंदावते, टाळांचा आणि घुंगरांचा तीक्ष्ण नाद फिसकटतो. आमच्या मित्राला पाण्याखाली गेल्यासारखा वाटलेला तंबोरा हाच होता.

पण त्याने तर सर्वोच्च दर्जाचे पैसे भरले होते. मग तो दर्जा गेला कुठे?

दरीतले घर

संगीतसेवा गाणे सलग पाठवत नाही. ती त्याचे काही सेकंदांचे तुकडे करते. फोन पुढचे काही तुकडे आधीच मागवून साठवतो आणि वाजवत राहतो. पाण्याच्या टाकीसारखेच हे आहे : नळ बारीक असला तरी टाकीत पाणी आहे तोवर घरात धार येते. टाकी रिकामी झाली की गाणे थांबते. ते थांबू नये म्हणून सेवेने प्रत्येक गाण्याच्या कमीअधिक दर्जाच्या प्रती तयार ठेवलेल्या असतात. जाळे मंदावले की पुढचे तुकडे गुपचूप हलक्या प्रतीतले येऊ लागतात. अॅपमध्ये दर्जा 'आपोआप' या खुणेवर असेल, तर हे सारे आपल्याला न सांगता घडते.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तिथून मोखाड्याकडे, खोडाळ्याकडे, सूर्यमाळकडे जाताना रस्ता सारखा चढतो-उतरतो आणि फोनवरच्या रेघाही त्याच्याबरोबर चढतात-उतरतात. मोबाइलच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगराची सोंड मधे आली, की पलीकडच्या पाड्यावर त्यांची सावली पडते. मित्राचे घर अशाच सावलीच्या कडेला होते. तो पैसे वरच्या प्रतीचे देत होता आणि ऐकत होता खालची प्रत.

माल किती लागतो तेही पाहू. ३२० किलोबिटांवर तासाला १४४ मेगाबाइट लागतात, ९६ किलोबिटांवर सुमारे ४३. सीडीच्या दर्जाचे बिनघट संगीत तासाला सुमारे ३५० ते ४०० मेगाबाइट घेते. काही सेवा २४ बिट आणि सेकंदाला १,९२,००० मोजमापे एवढा दर्जा देतात. तो न आवळता मोजला, तर तासाला ४ गिगाबाइटपेक्षा जास्त भरतो. बिनघट रीतीने निम्म्यावर आणला तरी २ गिगाबाइट. रोजच्या दीड गिगाबाइटच्या पॅकमध्ये ३२० किलोबिटांचे संगीत दहा तास पुरेल, सीडीच्या दर्जाचे सुमारे चार तास आणि हे शेवटचे पाऊण तास. विद्यार्थ्यांना हा हिशेब स्वतः करू द्या. टक्केवारी आणि एकके यांची उजळणी अशी क्वचितच गोड होते.

यावर उपाय एकच आणि तो बिनखर्ची आहे : आधी उतरवून घ्या, मग ऐका. जव्हारला बाजाराला किंवा तालुक्याच्या बैठकीला जाल, तेव्हा चांगल्या जाळ्यात वरच्या दर्जाची प्रत फोनवर उतरवून घ्यावी. घरी आल्यावर दरीची सावली आड येत नाही. सेवा निवडताना म्हणूनच पहिला प्रश्न विचारावा तो हा : या योजनेत गाणी उतरवून ठेवता येतात का, आणि कोणत्या दर्जात?

शेवटची कडी

मित्राने दर्जा 'आपोआप'वरून 'सर्वोच्च' केला, जव्हारहून गाणी उतरवून आणली. गाणे थांबायचे बंद झाले, तंबोराही बराच उघडला. तेव्हा दुसरी कच्ची कडी दिसली. फोन आणि अॅम्प्लिफायर ब्लूटूथने जोडलेले होते. ब्लूटूथच्या नेहमीच्या पद्धतीत फोन आलेले संगीत उलगडतो आणि पुन्हा घटीच्या रीतीने, फार तर सव्वातीनशे किलोबिटांत, आवळून पाठवतो. म्हणजे मूळ प्रत बिनघट असली तरी शेवटच्या दोन हातांत तिची घट होतेच. बिनघट संगीताचे पैसे भरून ते ब्लूटूथने ऐकणे म्हणजे गाळलेले पाणी न घासलेल्या हंड्यात भरणे. साधी तार लावावी किंवा आकड्यांचे पुन्हा विद्युत्दाबात रूपांतर करणारे छोटे यंत्र, ज्याला 'डॅक' म्हणतात, ते फोन आणि अॅम्प्लिफायरच्या मधे जोडावे.

आणि खोली? सिमेंटची गुळगुळीत भिंत आवाज जवळजवळ सगळा परत फेकते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये तो चेंडूसारखा उडत राहतो. जाड गोधडी, गाद्या, पुस्तकांचे भरलेले कपाट हे आवाज शोषतात किंवा विखुरतात. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून पाहावेत. पत्र्यावर पाऊस कोसळत असेल, तेव्हा ९६ डेसिबलच्या पल्ल्याची चर्चा करण्यात अर्थ नसतो.

कानाची परीक्षा

महाग ते चांगलेच वाटते आणि जरा मोठ्याने वाजते तेही चांगलेच वाटते. म्हणून परीक्षा डोळे झाकूनच घ्यावी. आपल्याकडच्या एखाद्या सीडीवरील गाण्याच्या 'ऑडॅसिटी' या मोफत संगणकप्रणालीने दोन प्रती करा, एक बिनघट आणि एक ३२० किलोबिटांची. दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. एका विद्यार्थ्याने नाणे उडवून ठरवावे की कोणती वाजवायची, ऐकणाऱ्याने ओळखावे. असे दहा वेळा करा.

नुसत्या अंदाजाने सांगणाऱ्याची दहापैकी आठ किंवा जास्त उत्तरे बरोबर येण्याची शक्यता किती? एकूण १,०२४ शक्यतांपैकी १ + १० + ४५ = ५६, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के. नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का. तेव्हा नऊ उत्तरे बरोबर आली, तरच फरक खरोखर ऐकू येतो असे मानायला आधार आहे. आमच्या मित्राची सहा बरोबर आली. पुढे ९६ किलोबिटांच्या प्रतीशी तुलना केली तेव्हा दहाच्या दहा आली. त्याला स्वतःच्या कानाची आणि खिशाचीही हद्द त्या संध्याकाळी कळली.

मग निवड कशी करावी?

दर्जाचे आकडे आता भीती घालणार नाहीत. हा लेख लिहिताना अॅपल म्युझिक आपल्या नेहमीच्या वर्गणीतच बिनघट संगीत देते. २०२१ पासून तिने ही सोय सुरू केली. २०१९ मध्ये भारतात आलेल्या स्पॉटिफायचा वरचा दर्जा दीर्घकाळ ३२० किलोबिट होता. सप्टेंबर २०२५ पासून ती काही देशांतून सुरुवात करून बिनघट संगीत देऊ लागली. यूट्यूब म्युझिकचा वरचा दर्जा २५६ किलोबिट आहे, जिओसावनचा ३२०. योजना आणि दर बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी ते पुन्हा पाहावेत.

दर्जापेक्षा महत्त्वाचे आहे ते भांडार. आपल्याला प्रिय असलेल्या दहा गोष्टींची यादी करा : एखादे नाट्यपद, कुमार गंधर्वांचे निर्गुणी भजन, एखादी जुनी लावणी. मोफत किंवा चाचणीच्या काळात प्रत्येक सेवेवर त्या शोधा. मराठी नावे रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिलेली असतात, हे ध्यानात ठेवून शोधा. विलंबित आणि द्रुत असे दोन भाग वेगळे नोंदले असतील, तर मधे खंड न पडता ते सलग वाजतात का, तेही पाहा. दहापैकी किती सापडल्या, हे त्या सेवेचे तुमच्यापुरते गुण.

जुन्या तबकड्यांबाबत आणखी एक गोष्ट. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रण विजेशिवाय, कर्ण्यात गाऊन होई. वरची सूक्ष्म कंपने त्या तबकड्यांत उतरलीच नव्हती. अशा गाण्याची कितीही उंची प्रत घेतली, तरी मुळात नसलेले त्यात कुठून येणार?

शेवटचा मुद्दा मालकीचा. सेवेवरचे गाणे आपले नसते, भाड्याचे असते. वर्गणी थांबली, की उतरवून ठेवलेली गाणीही वाजत नाहीत. रेसो ही सेवा जानेवारी २०२४ मध्ये भारतात बंद झाली, विंकही त्याच वर्षी. ऐकणाऱ्यांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या त्यांबरोबर गेल्या. जे आयुष्यभर ऐकायचे आहे, त्याची सीडी किंवा विकत घेतलेली प्रत जवळ असावी.

अकरावी गोष्ट

मित्राच्या यादीत अकरावी गोष्ट होती ती तारप्याची. वाळलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या दोन नळ्या आणि त्यांच्या जिभल्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास न तोडता वाजवत राहतो आणि त्याच्याभोवती नाचाचे वेटोळे फिरते. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे हे वेटोळे जगाने पाहिले. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्याच्या नादाकडेही लक्ष गेले. पण मित्राला हवे होते ते त्याच्याच पाड्यावरच्या म्हाताऱ्या तारपेवाल्याचे वादन. ते कोणत्याही सेवेवर नव्हते. होते ते फोनवर घेतलेले आणि दहा जणांकडून फिरून आलेले एक चित्रण, प्रत्येक फेरीत आणखी घटलेले. त्यात नाचाच्या म्होरक्याची खुळखुळती काठी नुसती फिसफिसत होती.

तारप्याच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतल्या कंपनांचे अधिस्वर भरपूर निघतात. तेच त्याचे व्यक्तिमत्त्व, आणि घटीच्या रीतीत आधी मरतात तेही तेच. म्हणून भातकापणीनंतर आम्ही त्यांच्या अंगणात गेलो. परवानगी घेतली. फोनवरच्या ध्वनिमुद्रणाच्या अॅपमध्ये न आवळलेला 'वेव्ह' हा प्रकार निवडला. फोन तारप्यापासून चार हात दूर, वाऱ्याच्या आडोशाला, गोधडीच्या घडीवर ठेवला. आवाजाचा काटा लाल रेघेला टेकू दिला नाही, कारण मोजपट्टीच्या बाहेर गेलेला आवाज कापला जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. नंतर वाजवणाऱ्यांचे नाव, गाव, तारीख, चालीचे नाव लिहून घेतले आणि प्रती दोन ठिकाणी ठेवल्या. निरोपाच्या अॅपवरून पाठवायचे तेव्हा 'ध्वनी' म्हणून न पाठवता 'दस्तऐवज' म्हणून पाठवले, म्हणजे वाटेत घट होत नाही.

रात्री ते तारेने जोडलेल्या स्पीकरवर लावले. ओटीवर बसलेले आजोबा आत आले, थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "हा माझाच आहे." मित्राने महागडी योजना बंद करून मधली घेतली आहे. उरलेल्या पैशांत शाळेसाठी एक बरा मायक्रोफोन येतो का, याची चौकशी चालू आहे.